पिवळीला टायर कोणते?

"सेमी-स्लिक दाखवा. तुमच्याकडचे सगळ्यात चिकट," थोरल्या जाऊबाईंनी दुकानात पाय टाकता टाकता सांगून टाकलं, आणि मागून येणारी धाकटी उंबऱ्यातच थबकली.

दुकान रेसच्या ट्रॅकच्या फाटकालाच लागून होतं. रविवारची सकाळ, छपरापर्यंत रचलेले टायर, रबराचा वास आणि पलीकडून कुंपणावरून येणारा इंजिनांचा आरडाओरडा. बाहेर उभी होती पिवळी. दोन सीटची, बुटकी, नाक जमिनीला लागेल इतकी खाली वाकलेली स्पोर्ट्स कार. वरच्या मजल्यावर थोरली राहायची, खालच्या मजल्यावर धाकटी, आणि घराला गॅरेज एकच. म्हणून दोघींनी मिळून ही एकच गाडी घेतली होती. दोघींच्या नवऱ्यांनी पहिल्याच दिवशी हात वर केले होते. "तुमचं तुम्ही बघा, आम्ही मध्ये पडणार नाही," असं दोघे भाऊ एका सुरात म्हणाले होते आणि आयुष्यात पहिल्यांदाच दिलेल्या शब्दाला जागले होते.

रविवार थोरलीचा. ती दातांची डॉक्टर. आठवडाभर लोकांच्या तोंडात डोकावून वैतागलेली ही बाई रविवारी हेल्मेट चढवायची आणि ट्रॅकवर सुटायची. बाकीचे दिवस धाकटीचे. तिचं काम चष्म्याच्या दुकानात, आणि तयार चष्मे शहरभरच्या डोळ्यांच्या दवाखान्यांत पोचवायचं कामही तिचंच. चष्म्यांचे उघडे ट्रे शेजारच्या सीटवर ठेवायचे आणि एकही चष्मा इकडचा तिकडे होऊ न देता न्यायचे, यात तिचा हातखंडा.

आता सेमी-स्लिक म्हणजे काय, तर नावालाच खाचा असलेला टायर. कोरड्या, तापलेल्या ट्रॅकवर तो च्युइंगमसारखा चिकटतो. पण रस्ता ओला असला की साबणावर उभं राहिल्यासारखी गत. आणि या शहरात अर्धं वर्ष पाऊस. म्हणजे सेमी-स्लिक आले की पिवळी सोमवार ते शनिवार गॅरेजमध्ये झाकून राहणार, आणि धाकटी पुन्हा बसच्या रांगेत. गाडीतून घर ते दुकान, एवढ्या वेळात तिला कोणी आई म्हणत नसे, काकू म्हणत नसे, "मॅडम, माझी फ्रेम आली का?" असं विचारत नसे. दिवसातला तेवढाच तुकडा तिचा स्वतःचा होता. हे तिने कोणाला बोलून दाखवलं नव्हतं. सांगणार काय? गाडीत मला कोणी हाक मारत नाही म्हणून मला गाडी आवडते? लोक हसले असते.

"रस्त्याचे स्पोर्ट टायर घेऊ ना, ताई," ती म्हणाली. "दोन्हीकडे चालतात."

"दोन्हीकडे चालतात म्हणजे कुठेच धड चालत नाहीत," थोरली म्हणाली. "अगं, मी वळणात शिरले की गाडी सरळच जाते. स्टिअरिंग ओढून ओढून मनगटं गेली माझी. उद्या दाढ कशाने काढू? आणि तो टपाल बघ, त्या डबड्यातून पुढेच पुढे!"

टपाल म्हणजे टपालकाका. निवृत्त पोस्टमन. त्यांची गाडी इतकी जुनी की तिचा मूळ रंग कोणता यावर वाद होते. ट्रॅकवरचा रिवाज असा, की कोणी कोणाला घुसून ओलांडायचं नाही. पुढच्याने खिडकीतून हात काढून बाजू दाखवली, तरच मागच्याने पुढे जायचं. टपालकाका सगळ्यांना हात द्यायचे. थोरलीला मात्र त्यांनी आजवर एकदाही दिला नव्हता. हे दुःख ती जेवताना, भांडी लावताना, जिन्यात भेटली तरी सांगायची.

टायरवाली एवढा वेळ पिवळीच्या पुढच्या चाकाजवळ उकिडवी बसली होती. आडव्या हाडाची, मोठ्या आवाजाची बाई. एके काळी तिने स्वतः शर्यती मारल्या होत्या, आणि ते ती कोणाला विसरू देत नसे. तिने रबरावरून तळवा फिरवला आणि ओरडली, "ही गाडी कोण चालवतं?"

"आम्ही दोघी."

"बोलता का एकमेकींशी?"

जावांनी एकमेकींकडे पाहिलं. "म्हणजे?"

"म्हणजे हा टायर मधोमध झिजलाय. फुगवून तट्ट केल्याशिवाय असं होत नाही. आणि कडाही खाल्ल्यात. त्या हवा कमी असताना खाल्ल्या जातात. एकच टायर दोन्ही रोगांनी गेलाय. हवा कोण बघतं?"

"मी," दोघी एकदम म्हणाल्या.

मग जे बाहेर आलं ते असं. कोणीतरी थोरलीला सांगितलं होतं, की ट्रॅकवर टायर तापतात, आतली हवा फुगते, म्हणून आधी थोडी सोडायची. तिने एका शनिवारी सोडली आणि काम झालं असं समजून विसरून गेली. एकदा कमी केलेली हवा कमीच राहणार, अशी तिची समजूत. सोमवारी धाकटीला चाकं बसलेली दिसली. तिला वाटलं पंक्चर. तिने पंपावर जाऊन भरली, आणि बाहेरगावच्या दवाखान्यात जायचं होतं म्हणून जरा जास्तच भरली. पुढे मधूनच कधीतरी, उन्हाने फुगली असेल असं वाटून, थोरली पुन्हा सोडायची, धाकटी पुन्हा टम्म करायची. धाकटी इतके दिवस न सापडणारं पंक्चर शोधत होती. आणि थोरली बहुतेक रविवारी दगडासारख्या टायरांवर बसून स्टिअरिंगशी कुस्ती खेळत होती.

"मला वाटलं आपली चाकं वाईट आहेत," धाकटी म्हणाली.

"मला वाटलं टपाल वाईट आहे," थोरली म्हणाली.

टायरवाली खो खो हसली. मग गंभीर झाली. "टायर तर गेलेतच, नवे लागणार. पण इतके दिवस चुकीच्या हवेवर चालवून तुम्हाला काय पाहिजे ते कळणार कसं? माझी एक पद्धत आहे. माझ्याकडे तुमच्या मापाच्या चाकांवर रस्त्याचे स्पोर्ट टायर चढवलेले आहेत, लोकांना चाखायला. ते लावते, हवा मी भरते, कोणी हात लावायचा नाही. ट्रॅकवर जा. त्यांच्यावर समाधान झालं तर ते घ्या, नाही तर सेमी-स्लिक."

"समाधान म्हणजे टपालचा हात," थोरली लगेच म्हणाली. "त्याने हात दिला तर रस्त्याचे. नाही दिला तर चिकट. चालेल?"

धाकटीने मान हलवली. तिचे सगळे सोमवार-मंगळवार एका पोस्टमनच्या खिडकीत अडकले होते.

चाकं बदलली. थोरली हेल्मेट चढवून गेली, आणि धाकटी कुंपणाच्या जाळीत बोटं अडकवून उभी राहिली. पिवळी आली, गेली, पुन्हा आली. सरळ रस्त्यावर ती टपालकाकांच्या बुडाला जाऊन चिकटायची. वळण आलं की मागे पडायची. पुन्हा सरळ, पुन्हा चिकटली, पुन्हा मागे. खिडकीतून हात काही येईना. धाकटीचा जीव टांगणीला लागला.

थोरली परत आली, हेल्मेट काढलं. केस कपाळाला चिकटलेले. "गाडी बरीच सुधारली," तिने कबूल केलं. "पण हात नाही. बघितलंस ना? चिकटच घ्यायचे."

आणि धाकटीच्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही मुद्दाम हळू घेत होतात वळणं."

टायरवालीने हातातला पाना खाली ठेवला.

"मी?" थोरलीचा आवाज चढला. "मी मुद्दाम हळू? एक वेळ मला कोणी वाईट डॉक्टर म्हणावं, पण हे? बस! बस तू. घाल हेल्मेट. बघू दे मला तुझा वेग. मी बसते शेजारी."

"मी कधी ट्रॅकवर..."

"नवख्या माणसाशेजारी जाणतं माणूस बसलं की चालतं. इथला नियमच आहे. मी जाणतं माणूस आहे. बस म्हणते ना!"

थोरलीने टायरवालीचं जुनं हेल्मेट चढवलं आणि स्वतःचं धाकटीला दिलं. त्याला थोरलीच्या शाम्पूचा वास येत होता. रोजचीच सीट, रोजचंच स्टिअरिंग, पण समोर सिग्नल नाही, रिक्षा नाही, मध्येच धावत सुटणारं कुत्रं नाही. नुसता काळा, रुंद, मोकळा रस्ता, दोन्ही कडांना लाल-पांढरे पट्टे.

"पहिली फेरी हळू. टायर तापू दे," थोरली म्हणाली. "नंतर गॅस."

पहिली फेरी ती हळू गेली. दुसऱ्या फेरीत तिला टायर ऐकू आले. वळणात ते आधी गुणगुणायचे. जरा जास्त वळवलं की कुरकुरायचे. आणखी ताणलं की किंचाळायच्या बेताला यायचे. धाकटी दिवसभर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलत विचारायची, हे बरं की ते? आता तोच प्रश्न ती टायरांना विचारू लागली. एवढं बरं? की एवढं? आणि टायर उत्तर देत होते! तिने आयुष्यात इतकं स्पष्ट बोलणारं गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं.

"गॅस!" थोरली ओरडली. "काय झोपलीस काय!"

"थांबा हो, ते सांगतायत."

"कोण सांगतंय?"

धाकटीची नजर पुढेच होती. समोर टपालकाकांची बिनरंगी गाडी दिसली होती. वळणाआधी धाकटी ब्रेकवर अलगद आली, ट्रेमधला चष्मा हलू नये तशी, गाडी आत झुकवली, आणि गुणगुण किंचाळण्यात जाणार तिथेच धरून ठेवली. पिवळी रुळावरून गेल्यासारखी फिरली. वळण संपलं तेव्हा टपालकाका होते तेवढ्याच अंतरावर होते. नाही, जवळ आले होते.

"अगं," थोरली म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता.

पुढचं वळण. आणखी जवळ. धाकटीचे हात अगदी शांत होते, जणू दुसऱ्याच कोणा शहाण्या बाईचे हात तिला दिवसभरासाठी मिळाले होते. तिच्या लक्षात आलं की ती हसतेय. हेल्मेटच्या आत, एकटीच, दात काढून. लांबलचक वळण आलं, डावीकडे वळत वळत न संपणारं. इथेच थोरली मागे पडायची. धाकटी टपालकाकांच्या मागच्या बंपरवर नजर ठेवून आत शिरली, आणि सगळं वळणभर तो बंपर तसूभरही लांब गेला नाही.

खिडकीतून एक हात बाहेर आला. जुनाट हातमोजा, एका बोटाला भोक. तर्जनी उजवीकडे.

"हात! हात! हात दिला!" थोरली सीटमध्ये उड्या मारू लागली. पट्टा नसता तर छपराला डोकं आपटलं असतं. "जा! उजवीकडून! जा ना बाई, तो मागे घेईल!"

धाकटी गेली. पिवळी गरजली, टपालकाका खिडकीत आले, मागे सरकले, आरशात गेले. तिने जोरात किंचाळून घेतलं. शेजारी थोरलीही किंचाळत होती, त्यामुळे कोणाला लाज वाटायचं कारण राहिलं नाही. फेरी संपल्याचा झेंडा दाखवला तो दोघींनाही दिसला नाही, आणि त्या आणखी एक फेरी मारून आल्या. त्याबद्दल झेंडेवाल्याची बोलणी खाल्ली, आणि खाताना एकमेकींना कोपर मारत हसत राहिल्या.

दोघी खाली उतरल्या. टायरवालीने गरम टायरांना हवेचा मापक लावला, रबरावरून अंगठा फिरवला. "छान. रबर सगळीकडून सारखं घासलंय. मग? कोणते चढवू?"

"ते सेमी-स्लिक म्हणजे... यापेक्षाही जास्त धरतात?" धाकटीने विचारलं. तिचे डोळे चमकत होते.

"खबरदार!" थोरली गरजली. "रस्त्याचे. ठरलं होतं आपलं." मग जरा हळू आवाजात म्हणाली, "आणि मला हे टायर ऐकायचेत. इतके दिवस ते ओरडत होते आणि मला वाटत होतं की टायर असेच बोंबलतात. पेशंट ओरडला तर थांबायचं असतं एवढं मला कळायला नको?"

तेवढ्यात टपालकाका हातमोजे काढत आले. थोरलीने त्यांना तिथेच गाठलं. "काका, मला इतके रविवार एकदाही हात दिला नाहीत. हिला पहिल्याच दिवशी?"

"ताई, तुम्ही सरळ रस्त्यावर येता आणि वळणात हरवता," टपालकाका शांतपणे म्हणाले. "हात देईपर्यंत मागे कोणी नसतंच. या मागेच राहिल्या. द्यावाच लागला."

थोरलीने चक्क मान डोलावली. हे दृश्य धाकटीने लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

टायरवाली आत नवे टायर चढवू लागली. यंत्राचा फुस्स आवाज येत होता. दोघी बाहेर दगडी कठड्यावर बसल्या. धाकटीला आपले सगळे दिवस परत मिळाले होते, सोमवार, मंगळवार, एकेक करून. शिवाय आता तिला रविवारही हवा होता, आणि तो मागायचा कसा याची ती मनात जुळवाजुळव करत होती.

"एक विचारू?" थोरलीच आधी बोलली. इकडेतिकडे बघत, पाय हलवत. "उद्या सकाळी मी येऊ का गं तुझ्याबरोबर? माझ्या दवाखान्यापर्यंत. तू वळणात काय करतेस ते बघायचंय मला."

धाकटीला तो तुकडा आठवला, ज्यात कोणी तिला हाक मारत नसे. तिने जावेकडे पाहिलं. कपाळाला चिकटलेले केस, हेल्मेटचा लाल वळ, आणि शाळेच्या पहिल्या बाकावरच्या मुलीसारखा चेहरा.

"या," ती म्हणाली. "पण बोलायचं नाही."

"नाही बोलणार."

"अजिबात."

"अगं, नाही म्हणते ना!"

"आणि एक रविवार आड मी."

थोरली ताडकन उभी राहिली. "एक रविवार आड? बोट दिलं तर लगेच..." आणि मग आतून टायरवालीने गाडी तयार असल्याचं ओरडून सांगितलं आणि पहिली फेरी कोण मारतंय असं विचारलं, तशा दोघी एकदमच दाराकडे धावल्या.