भागुबाईंचं दीड लिटर

खोलीत दोन खाटा, दोन म्हाताऱ्या, एक कूलर आणि एक बाळकृष्ण. दाराकडच्या खाटेजवळ स्टुलावर मापाच्या खुणांचा दीड लिटरचा प्लास्टिकचा जग, स्टीलचा एक पेला, गोळ्यांच्या तीन पट्ट्या आणि एका काडीच्या जागी दोरा बांधलेला चष्मा. खिडकीकडच्या खाटेजवळ पितळी पाळणा, पाळण्याला मखमली पडदा, आणि बाळकृष्णाचे घडी करून ठेवलेले सहा अंगरखे. दोन्ही खाटांच्या मधे फरशीवर खडूने आखलेला चंगापोचा पट, त्यावर चार कवड्या. बाहेर गॅलरीत आलेल्या कडुनिंबाच्या फांदीला एक परिंडा टांगलेला. परिंडा म्हणजे पाखरांसाठी पाण्याचं मातीचं पसरट भांडं. उन्हाळ्यात जयपुरात ते झाडोझाडी दिसतं.

हे सगळं कीर्तीने पहिल्याच दिवशी मोजलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण मोजल्याशिवाय तिला चैनच पडायचं नाही. घरी पाहुणे आले की ती आधी चपला मोजायची आणि मग चहाचं आधण ठेवायची.

कीर्ती नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. कॉलेजने प्रत्यक्ष कामासाठी तिला महिनाभर प्रताप नगरच्या या वृद्धाश्रमात धाडलं होतं. तिथल्या मुख्य परिचारिका शेखावत सिस्टर. त्यांनी तिचं आडनाव ऐकलं आणि तिथल्या तिथे हिंदीत निकाल दिला, "तू मराठी, भागुबाई मराठी. जा, सुखी राहा."

सुख जरा उशिराच आलं.

"नमस्ते आजी, मी कीर्ती. मी तुमची, मतलब, तुमच्या तब्येतीची देखभाल करणार."

भागुबाईंनी दोऱ्याचा चष्मा लावून तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बापा. मराठी हाये का व ही? मले वाटलं, हिंदीले लुगडं नेसवलं."

कीर्तीचे वडील रेल्वेत. भुसावळहून बदली झाली तेव्हा ती दीड वर्षाची होती. तिची मराठी स्वयंपाकघरातल्या वस्तूंपर्यंत छान होती, त्यापुढे लंगडायची. भागुबाई मूळच्या बडनेऱ्याच्या. त्यांचे यजमान भीमराव रेल्वेत रुळांच्या टोळीचे मुकादम होते. बदल्यांमागे फिरत ते जयपूरला आले आणि इथेच वारले. मुलगा सैन्यात, कायम लांब. भागुबाई अडतीस वर्षं राजस्थानात राहिल्या, पण त्यांच्या वऱ्हाडी बोलीला वाळूचा कण लागला नव्हता.

भागुबाईंना चक्कर यायची. दोन महिन्यांत दोनदा पडल्या, दोन्ही वेळा खाटेवरून उठताना. आश्रमाच्या डॉक्टरांनी कीर्तीसमोरच तपासलं. झोपल्यावर वरचा रक्तदाब एकशे बत्तीस होता. उठून उभं केल्यावर तो एकशे चारवर आला.

"अंगात पाणीच नाही," डॉक्टर म्हणाले. "रोज दीड लिटर गेलंच पाहिजे. पुढच्या सोमवारी परत बघू. उभं राहिल्यावर आकडा वीस किंवा जास्त पडला, तर यांना खालच्या वॉर्डात हलवा. इथे पडल्या आणि खुबा मोडला तर?"

खालच्या वॉर्डात खाटांना कठडे होते आणि संध्याकाळी सगळ्यांना डायपर बांधायचे. डॉक्टर गेल्यावर भागुबाई भिंतीकडे वळल्या.

"पायन्यातल्या लेकरावानी ठेवतीन मले," त्या म्हणाल्या. "आनि मोहनीसंगं कोन खेळन?"

मोहनी देवी म्हणजे खिडकीकडची खाट. सीकरकडच्या, बाळकृष्णाच्या भक्त, आणि चंगापोत अत्यंत लबाड. दोघींची भाषा एक नव्हती, देवही नव्हता. भागुबाईंच्या उशाशी बुद्धाची लहानशी तसबीर होती. सहा वर्षं त्या रोज एकमेकींच्या सोंगट्या मारत होत्या आणि त्यावर त्यांचं उत्तम चाललं होतं.

कीर्तीने कंबर कसली. सकाळी ती जग काठोकाठ भरायची, संध्याकाळी उरलेलं पाणी मोजायची. पहिल्या दिवशी जगातून चौदाशे मिलिलिटर गेलं. दुसऱ्या दिवशी जग कोरडा. कीर्तीने खुशीत निळ्या पेनाने आलेख काढला आणि भिंतीला चिकटवला. भागुबाईंनी तो लांबून न्याहाळला. "हे काय, जिना काढला का?"

"तुम्ही किती पाणी पिता ते आहे, आजी."

"चांगली पेतो मी," भागुबाई म्हणाल्या, आणि मोहनी देवींना एकदम खोकला आला.

पण आकडे नांदायला तयार होईनात. पाणी दीड लिटर आत जात होतं, आणि भागुबाई दिवसातून जेमतेम दोनदा मोरीकडे जात होत्या. उभं राहिल्यावरचा रक्तदाब तसाच गडगडत होता. दोन अधिक दोन तीन येत असतील, तर माणसाने आधी आपली बेरीज तपासावी, असं कीर्तीला कॉलेजात शिकवलं होतं. तिने तपासली. बेरीज बरोबर होती. मग चुकत होतं ते जग, असा तिने निष्कर्ष काढला.

मे महिना, कोरडी लू, वर कूलरचा वारा. पाणी हवेत उडत असणार. तिने तस्साच दुसरा जग आणला, काठोकाठ भरला, झाकण लावून कपाटावर ठेवला आणि दोघींना बजावलं, "याला हात लावू नका, हं. हा प्रयोग आहे." दोघींनी शाळेतल्या मुलींसारख्या माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशी प्रयोगाच्या जगातून सहाशे मिलिलिटर पाणी गायब होतं. झाकण जागच्या जागी. कीर्ती धावतच शेखावत सिस्टरांच्या टेबलाशी गेली आणि एका दमात सगळं सांगितलं.

सिस्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "झाकणातून, बेटा?"

"हो मॅडम. सहाशे."

"तसं असतं, तर आपलं कानोत्याचं धरण होळीलाच कोरडं पडलं असतं आणि लोक तिथे सहलीला नाही, क्रिकेट खेळायला गेले असते." त्यांनी रजिस्टर पुढे ओढलं. "जगाची चौकशी खूप झाली. आता उद्यापासून पाण्यात ओआरएस घाल. आणि जरा माणसांकडेही बघ."

माणसांकडे कीर्ती बघतच होती, असं तिचं मत होतं. शनिवारी सकाळी तिने संत्र्याच्या चवीची पूड जगात ढवळली. पाणी नारिंगी झालं. भागुबाईंनी पहिला घोट तिच्यासमोर घेतला, ओठ पुसले, आणि लाडू खाल्ल्यासारखा चेहरा केला.

दुपारी कीर्ती चादरी वाळत घालायला गॅलरीत गेली, तर कठड्यावरून मुंग्यांची एक रांग निघालेली. ती फांदीवर चढत होती, तिथून दोरीवरून खाली उतरत होती आणि परिंड्याच्या काठावर संपत होती. कीर्तीने टाचा उंचावून आत पाहिलं. पाणी नारिंगी होतं. पलीकडच्या काठावर एक साळुंकी बसली होती. एक घोट घ्यायची, मान तिरकी करून विचार करायची आणि पुन्हा एक घोट घ्यायची.

कीर्ती आत आली. खेळ ऐन भरात होता. ती पटाशेजारी फरशीवर बसली.

"आजी," ती म्हणाली, "त्या साळुंकीला ओआरएस कोणी लिहून दिलं?"

कवड्या भागुबाईंच्या मुठीतच राहिल्या. मग त्या मोहनी देवींकडे वळल्या. "धरलं व पोट्टीनं."

मोहनी देवींनी बाळकृष्णाच्या पाळण्याला उगाच एक झोका दिला.

"आणि कपाटावरच्या जगातलं पाणी?"

"ते पानी तू उगीच काहून ठेवून रायली होती? पाखरायले तेच देल्लं. झाकन मोहनीनं काढलं. मायाच्यानं नाई निघालं."

कीर्तीला राग यायला हवा होता. पण सिस्टरांसमोर आपण झाकणातून धरण उडवलं हे तिला आठवलं आणि हसूच फुटलं. तिघीही हसल्या. हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "पण का, आजी? पाणी चांगलं नाही लागत का?"

"पानी गोडच हाये. पानी रात्री भायेर निघते, ते वाईट."

भागुबाई कवड्या एका हातातून दुसऱ्या हातात करत राहिल्या. मोहनी देवीच त्यांना बोलतं करत म्हणाल्या, "बता दे छोरी नै."

मग भागुबाई कवड्यांकडे बघत बोलल्या. "मागच्या महिन्यात. रात्री उठली. संडास त्या टोकाले, मधी अंधार. मले वाटलं पोचतो. नाई पोचली. आयाबाई आली, पुसून गेली. एक शब्द नाई बोलली. बोलली असती तं बरं झालं असतं. दुसऱ्या संध्याकाळी उशीवर ते डायपरचं पाकीट ठेवून गेली. आमी बाया क्वार्टरात होतो तवा पहाटे अंधारात जायचो, मंग रात्रीलोक दाबून धरायचो. सारी जिंदगी धरलं. आता धरता येत नाई. मंग प्यायचंच काहून?"

कीर्तीच्या पुस्तकात पाणी पाचव्या प्रकरणात होतं आणि संडास अकराव्यात. मधल्या पाच प्रकरणांत या दोघांची कुठे गाठच पडत नव्हती.

"खोलीत खुर्ची ठेवू या," ती म्हणाली. "कमोडवाली. रात्री फक्त. सकाळी घेऊन जातील."

"नाई."

"दोन पावलांवर असेल, आजी."

"या खोलीत तिचा देव हाये. त्याच्यापुढं बसू का मी? आनि साऱ्या आश्रमात बोभाटा, भागुबाईले खुर्ची लागली. त्यापेक्षा खालचा वॉर्ड बरा. तिथं साऱ्यायचंच सारखं."

कीर्तीने सोमवारला उरलेले दिवस बोटांवर मोजले. दोनच.

मोहनी देवींनी अर्धं ऐकलं, अर्धं ओळखलं. त्यांनी आपल्या लालाच्या, म्हणजे बाळकृष्णाच्या, पाळण्याचा मखमली पडदा सर्रकन ओढून दाखवला. "लाला आठ बजे सो जावै है. ऊपर से पर्दो." मग कमरेवर हात ठेवून, ठणकावून, "और कुर्सी मेरी है. मन्नै चाहिए. मेरा घुटना."

"तुया घुटन्याले काय झालं?" भागुबाईंनी विचारलं. "सकाळी गच्चीवर पापड घालून आली नं तू?"

"अब दुखै है."

भागुबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मोहनी देवींनी नजर हटवली नाही. कीर्तीने या वेळी काहीच मोजलं नाही; ती उठली आणि थेट सिस्टरांच्या टेबलाशी गेली.

"मॅडम, कमोडची खुर्ची हवी आहे. मोहनी देवींसाठी."

"मोहनी देवींना?" सिस्टर म्हणाल्या. "माझ्या आधी जिना चढतात त्या."

"गुडघा दुखतो, मॅडम. रात्री." आयुष्यात दशांश चिन्हही इकडचं तिकडे न करणाऱ्या कीर्तीचे कान तापले.

सिस्टरांनी तिचे कान पाहिले. "कोणता गुडघा?"

"दोन्ही."

"बरं," सिस्टर म्हणाल्या, "खुर्ची आजच वर पाठवते. तुझ्या त्या जगाचं काय झालं?"

"उडत नाही पाणी, मॅडम."

"चला, कानोता वाचलं."

खुर्ची संध्याकाळी आली. मोहनी देवींनी दारात उभं राहून ती उतरवून घेतली, येणाऱ्याजाणाऱ्याला गुडघ्याची कहाणी सांगितली आणि रात्रीच्या जेवणाला उजव्या पायाने लंगडत गेल्या. परत आल्या त्या डाव्या पायाने. भागुबाईंनी हे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

बाकीचं कीर्तीशी घासाघीस करून ठरलं. पाणी पहाटेपासून प्यायचं, संध्याकाळी सहापर्यंत जग संपवायचा. रात्री फक्त गोळीपुरतं. नारिंगी पाणी भागुबाईंना नको होतं.

"औषध समजून घ्या, आजी."

"साळुंकीले आवडलं, तिले दे."

"साळुंकीचा रक्तदाब चांगला आहे."

शेवटी सौदा झाला: अर्धा जग नारिंगी, अर्धा साधा, आणि पाखरांसाठी वेगळा लोटा, तो कीर्तीने स्वतः भरायचा. तिने भिंतीवरचा आलेख काढून टाकला. त्याच्या मागच्या बाजूवर मोहनी देवींनी पापड पसरले.

शनिवारी रात्री खुर्ची कोणी वापरली, हे कीर्तीने विचारलं नाही. रविवारी सकाळी खोलीत शिरली तेव्हा भागुबाई पेला तोंडाला लावून बसल्या होत्या आणि तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "मोहनीचा घुटना लय वेळा उठला बाई रात्री."

सोमवारी डॉक्टर आले. यंत्र कीर्तीच्या हातात देऊन ते म्हणाले, तू घे. तिने भागुबाईंना झोपवलं, दंडाला पट्टा बांधला.

"माया हात थंडा पडला काय, पाह्य व."

"बोलू नका आजी, बोललं की दाब वाढतो."

"वाढू दे नं मंग. तुले तोच तं वाढवायचा हाये."

"असा नाही. गप्प राहा ना, प्लीज."

मोहनी देवींनी पाळण्याचा पडदा दिवसाढवळ्या ओढून घेतला. लालाने हे बघू नये असं त्यांना वाटलं असावं. कीर्तीने झोपल्यावरचा आकडा घेतला. मग हात धरून भागुबाईंना उभं केलं आणि घड्याळ लावलं. भागुबाईंचे पाय फरशीवर, खडूच्या पटाच्या कडेला होते. त्यांची बोटं कीर्तीच्या मनगटात रुतली, मग हळूहळू सैल झाली. डॉक्टर दारात पेन उघडून थांबले होते.

झोपून एकशे सव्वीस. उभं राहून, तीन मिनिटांनी, एकशे अठरा. आकडा वीसने नाही, आठनेच पडला होता.