दुसऱ्या उकाराचा भोंगा

मित्रांनो, मी भोंगा हाय. जुना. पितळी तोंड, मागं काळा रबरी फुगा. सोलापुरात भवानी पेठेत कोंडीबाच्या रिक्षावर व्हतो. मी वाजलो की म्हशीसुदिक बाजूला सरायच्या. रिक्षा मोडीत निघाली, तवा कोंडीबानं मला शेजारच्या दाक्षायणीबाईंना दिलं. "बाई, ऱ्हाऊ द्या शाळंत."

बाई दुसरीला शिकवायच्या. एक दिवस सिद्धेश्वरी नावाच्या पोरीनं फळ्यावर लिवलं, 'माझे पप्पा सुत रंगवतात.'

बाई म्हणाल्या, "अगं, सुत म्हंजे मुलगा. तुझे पप्पा पोराला रंगात बुडवतात व्हय?"

अख्खा वर्ग खदाखदा हसला. पोरगी रडकुंडीला आली. "न्हाय वो बाई, धागा!"

"मग धागा लांबव की!" म्हणत बाईंनी मला उचललं. जरासं दाबलं, पों. सु. मग फुगा पार चेपला, पोंऽऽऽ. सू. दुसरा उकार! पोरगी डोळे पुसून माझ्यासंगं 'सूऽऽऽ' करायला लागली.

तवापासनं माझा रुबाब काय सांगू! दिन म्हंजी दिवस, पों. दीन म्हंजी गरीब, पोंऽऽऽ. आखूड वाजलं की पयली वेलांटी, लांब वाजलं की दुसरी. पोरांच्या आया खिडकीतनं बघायच्या. बाई मला फडक्यानं पुसायच्या, म्हणायच्या, "तू आहेस म्हणून माझी पोरं शुद्ध लिहितात." मला ते खरं वाटलं वो.

मग वर्गात मोठा टीव्ही आला. तो बघायला शिक्षण खात्याचे साहेब आले. त्यांची नजर माझ्यावर पडली. "बाई, ही शाळा आहे का रिक्षा स्टँड?"

बाईंचं तोंड उतरलं. "कुणा पोराचं खेळणं असेल, सर."

सिद्धेश्वरी ताडकन उठली. "खेळणं न्हाय वो बाई, तुमचा भोंगा हाय की!"

"गप बस!"

आन् मी कपाटात, फिनेलच्या डब्यामागं. साहेब हसला, त्याचं कायबी वाटलं न्हाय. त्यो परका. पण बाई?

अख्खा उन्हाळा तितंच काढला. सोलापूरचं ऊन तुमाला ठावं हाय. कुणी दाबलं न्हाय की रबर वाळतं, मग तडकतं.

हिकडं टीव्ही धडे शिकवताना आखूड-लांब समदं एकाच चालीत भराभरा बोलायचा. नवी पोरं परत 'सुत' लिवाय लागली. एक दिवस शाळा सुटल्यावर बाईंनी कपाट उघडलं. फडकं आणलं व्हतं. पुसलं, दाबलं.

पों.

"अरे, दीर्घ म्हण की रे."

पार चेपलं. पों. वारा तडकलेल्या रबरातनं निसटून जात व्हता. मी रुसलो नव्हतो, मित्रांनो. दमच ऱ्हायला नव्हता. बाई तशाच मला हातात धरून बसल्या.

तुमाला ज्यानं काय शिकवलं असंल, माणूस असू द्या न्हायतर रबराचा फुगा, त्याला वापरात ठेवा, जपा. आन् मोठ्या लोकांपुढं त्याची वळख सांगायला लाजू नगा. 'माझा हाय', एवढंच म्हणायचं असतंय. त्याला लई दम लागत न्हाय.