खदिजाआपाची निवड

बहारीनमधल्या सलमानियाच्या इस्पितळात खदिजा सिस्टर होती. मूळची रत्नागिरीची, आवाज खणखणीत. चार वर्षांत सनाबिसच्या बास्केटबॉल टीमची एकही मॅच तिनं चुकवली नव्हती.

तिथल्या भारतीयांच्या, वस्त्यांच्या नावानं, सहा टीम होत्या. दर ऑक्टोबरात सगळ्या खेळाडूंची एकच यादी लागायची आणि कप्तान पाळीपाळीनं एकेक नाव उचलायचे. ह्याला म्हणायचे ड्राफ्ट. पहिली पाळी गेल्या सीझनला तळाला राहिलेल्या टीमची. पंच्याण्णव साली तळाला सनाबिस होती.

कप्तान यादवराव उभे राहिले आणि म्हणाले, "अमीर."

अमीर म्हणजे बँकेतला सव्वासहा फुटी पोरगा. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

"चुकलं!" मागून खदिजा म्हणाली. "शिवदासला घ्यायला हवं होतं."

शिवदास अस्करच्या अ‍ॅल्युमिनियम कारखान्यात क्रेन चालवायचा. साडेपाच फूट उंची, वय अडतीस, डोक्यावर टक्कल. सगळे हसले.

"आपा, तुम्ही इंजेक्शनं द्या," गनी म्हणाला. टीमच्या पाठीराख्यांत सगळ्यात मोठा गळा त्याचाच. "ड्राफ्ट आमच्यावर सोडा."

"इंजेक्शनसुद्धा मी माणूस बघून देते, गनी. तुला जाड सुई लागेल." ती उठून उभी राहिली. "गेल्या वर्षी सात मॅच हरलो, त्यातल्या पाच शेवटच्या मिनिटांत. तिथं उंची कमी पडली काय? बॉल हातात आला की आपली माणसं भांबावतात. शिवदास भांबावत नाही."

कुणी ऐकलं नाही. तिसऱ्या फेरीत गुदैबियाच्या टीमनं शिवदासला उचललं.

अमीरनं मात्र सीझन गाजवला. प्रत्येक विजयानंतर गनी मागं वळून विचारायचा, "काय आपा?" ती म्हणायची, "सीझन संपू दे."

सेमीफायनल गुदैबियाशीच पडली. शुक्रवारची दुपार होती. शिवदासनं सनाबिसला अक्षरशः नाचवलं. पाच मिनिटं उरली तेव्हा गुदैबिया आठ पॉइंटांनी पुढं होती. त्याच्या एका पासवर खदिजानं टाळी वाजवली.

"आमच्यात बसून त्यांना टाळी?" शेजारचे अलीमियाँ भडकले.

"हात माझे आहेत, अलीमियाँ."

इतक्यात गेटपाशी कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला. शिवदासची दुपारची शिफ्ट. त्यानं एकदा बसकडं पाहिलं, एकदा कोर्टाकडं, आणि बूट न बदलता तसाच पळाला. त्यानंतर गुदैबियाची घडी विस्कटली. शेवटच्या क्षणी अमीरनं बास्केटमध्ये बॉल टाकला आणि सनाबिस एका पॉइंटनं जिंकली.

गनी नाचतच आला. "खलास! आता तरी कबूल करा, आपा, चुकलात म्हणून!"

खदिजालाही आनंद झाला होता, आणि त्याचाच तिला राग येत होता. "जिंकलो ते कबूल. निवड चुकलीच होती."

"अहो, तो बस आली म्हणून पळाला! असला माणूस घ्यायचा?"

हे मात्र तिला झोंबलं, कारण ते खरं होतं. तरी ती म्हणाली, "बस आली नसती तर तू आत्ता नाचला असतास काय? ड्यूटी बदलून मिळते, गनी. डोकं नाही मिळत."

सगळे हसले. यादवराव गळ्यात टॉवेल टाकून उभे होते, ते हसले नाहीत.

फायनल सनाबिस हरली. शेवटच्या मिनिटात बॉल अमीरच्या हातात होता आणि पास कुणाला द्यावा हेच त्याला सुचेना.

पुढच्या ऑक्टोबरात यादवरावांनी स्वतःशेजारी एक खुर्ची मांडली. "सिस्टर, इकडे बसा. त्याच्या शिफ्टचं काय?"

"मी अस्करला जाऊन आले. शुक्रवारी त्याला सकाळची शिफ्ट द्यायला सुपरवायझर तयार आहे. कागदावर लिहून घेतलंय."

दुसऱ्या आलेल्या सनाबिसची पाळी पाचवी. आधीच्या चार कप्तानांनी शिवदासच्या नावाकडं ढुंकूनही पाहिलं नव्हतं. यादवरावांनी मान हलवली आणि खदिजा उभी राहिली.

"शिवदास."

मागच्या रांगेतून ओरडा झाला. "परत तेच?" गनीनं कपाळावर हात मारला.

"परत तेच," ती म्हणाली. "यल्ला, चला, लिहा नाव."