रिकामं करून देईन

चष्मेवाला तसा पापभीरू माणूस. गिऱ्हाइकाची जुनी फ्रेम चालण्यासारखी असली, तर नवी त्याच्या गळ्यात मारायची नाही, इतका सरळ. त्याने उभ्या आयुष्यात एकच खोटं लिहून दिलं : 'घर दीड महिन्यात रिकामं करून ताब्यात देईन.'

कारणही तसंच होतं. बायकोच्या मणक्यात गाठ निघाली होती आणि तिचा डावा पाय रोज थोडाथोडा परका होत चालला होता. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली. चष्मेवाल्याकडे विकण्यासारखं एकच होतं, वडिलांनी घेऊन ठेवलेलं दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. बेकरीवाला ते घ्यायला एका पायावर तयार झाला. मात्र त्याला स्वतःला राहायला यायचं होतं, म्हणून घर रिकामं हवं होतं. आणि घरात तर भाडेकरू होती, तिच्या कराराचे अजून चौदा महिने बाकी होते. ते चष्मेवाल्याने बेकरीवाल्याला सांगितलं नाही आणि घर विकतोय हे भाडेकरूच्या कानावर घातलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, करता करता तीन आठवडे गेले. बेकरीवाल्याने दिलेला विसार हॉस्पिटलात भरूनही झाला.

भाडेकरू कोर्टात टायपिंग करायची. सगळे तिला टायपिस्टबाई म्हणत. घरात ती आणि पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले तिचे वडील. एका सोमवारी ती दुकानात आली ती काउंटरवर पर्स आपटतच.

"मालक, काल एक गृहस्थ टेप घेऊन आले होते. वडिलांच्या पलंगाच्या जागी त्यांचं कपाट बसतं का, ते मापत होते. वडिलांची वाचा गेलीय, कान नाही गेलेले. कालपासून घास घेत नाहीयेत."

चष्मेवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. "बाई, मी सांगणारच होतो..."

"कधी? ट्रक दारात लागल्यावर? अहो, घर विका की! तुमचं आहे. पण नवा मालक येईल तो माझ्या करारासकट येईल. जन्मभर हेच टाइप करत आलेय मी."

"दुसरीकडे बघून देतो मी. सामान हलवायचा खर्च माझा."

"वडिलांना हलवू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलंय. आधी विचारलं असतंत तर काही मार्ग काढला असता. आता चौदा महिने." आणि ती चालती झाली.

बायकोचं दुखणं तिला सांगावं, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण आधी फसवायचं आणि मग रडायचं, याची त्याला लाज वाटली.

मेहुण्याला असली लाज नव्हती. "भाऊजी, सरळ बोटाने तूप निघत नाही," तो म्हणाला. "गच्चीवर त्यांच्या नळाचा कॉक आहे ना? तेवढा फिरवा. आठवड्यात गाशा गुंडाळतील. ताईचा पाय महत्त्वाचा की त्यांचा करार?"

त्या दिवशी बायको मोरीत पडली. तिला उचलताना ती म्हणाली, "अहो, पाय आहे का बघा हो माझा. मला कळतच नाहीये." दुसऱ्या दिवशी भर दुपारी, टायपिस्टबाई कामावर असताना, चष्मेवाला गच्चीवर गेला. कॉक गंजला होता. लेन्स घासून मऊ झालेल्या बोटांनी तो फिरेना. रुमाल गुंडाळून, दातओठ खाऊन त्याने तो बंद केला आणि चोरासारखा खाली उतरला.

तो दिवस त्याने कसाबसा ढकलला. दुसऱ्या दिवशी दुकानात बसवेना. दुपारी पाय आपसूक तिकडे वळले. जिन्यात टायपिस्टबाई दोन्ही हातांत बादल्या घेऊन वर चढत होती. आज तिने रजा टाकली होती. मागे पायऱ्यांवर पाण्याचा माग उमटला होता.

त्याला पाहून ती थांबली. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "बरं झालं आलात. कालपासून नळाला थेंब नाही. वडिलांच्या चादरी सकाळपासून तीनदा बदलल्या, धुऊ कशाने? प्लंबर मिळेना. जरा बघता का?"

चष्मेवाल्याने तिच्या हातातली एक बादली घेतली, वर नेऊन ठेवली. मग गच्चीवर जाऊन कॉक उघडला. खाली आला तेव्हा नळ भडाभडा वाहत होता.

"काय अडकलं होतं?" तिने विचारलं.

"काही नाही. मीच बंद केला होता."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग पदराने हात पुसत म्हणाली, "हे तुमच्याविरुद्ध टाइप करायला मला दहा मिनिटं लागतील."

"करा," तो म्हणाला आणि तिथेच जिन्यात बसला. मग मात्र गाठ, पाय, तारीख, सगळं त्याने भडाभडा ओकून टाकलं.

"आत या म्हणणार नाही," ऐकून झाल्यावर ती म्हणाली. "पण खरं सांगून गिऱ्हाईक आणलंत, तर घर दाखवीन. आधी फोन करायचा, आणि टेप आणायची नाही. करार कधी संपतो, अनामत किती, सगळं एका कागदावर लिहून सही करून देते. भाडेकरूसकट घर घेणारेही असतात."

चष्मेवाल्याने जाऊन कराराचं खरं सांगितलं, तेव्हा बेकरीवाल्याने त्याला पार धुऊन काढलं. तोही भाड्यानेच राहत होता आणि त्याने आपल्या मालकाला जागा सोडतो म्हणून कळवून टाकलं होतं. "आता मी बायकापोरं घेऊन भट्टीत झोपू का?" तो ओरडला. हॉस्पिटलात भरलेले पैसे काढून विसार परत करावाच लागला. ऑपरेशनची तारीख हुकली.

घर शेवटी बोटीवर नोकरी करणाऱ्या एकाने घेतलं. त्याला वर्षातले दहा महिने पाण्यावरच काढायचे होते, घरात माणूस असलेलाच बरा वाटला. किंमत पडली, पण टायपिस्टबाई होती तिथेच राहिली.

ऑपरेशन अडीच महिने उशिरा झालं. गाठ निघाली, पाय अर्धाच परत आला. लवकर झालं असतं तर? "सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले.

घरी आल्यावर चष्मेवाल्याने बायकोला सगळं सांगितलं, कॉकचंसुद्धा. ती ऐकत होती. मग भिंतीचा आधार घेत, पाय ओढत, एकटीच खिडकीपाशी गेली. तो धरायला पुढे झाला तर तिने हात झिडकारला.

"माझ्या नावाखाली केलंत ना हे?" ती म्हणाली.

दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने चप्पल मागितली आणि म्हणाली, "चला. त्या बाईंकडे न्या मला. जिना आहे, माहीत आहे. हळूहळू चढेन."