वजन वाढलं

मंगळवारी सकाळी माझं वजन वाढलं. म्हणजे संपलं. आमच्याकडे घरातली वस्तू संपली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तसं बजावलं होतं, आणि साठ वर्षांत मी तो दुसरा शब्द कधी मोठ्यानं उच्चारला नाही.

पण आमचे हे गेल्यापासून घर माझं बोलणं शब्दशः घ्यायला लागलं. डाळ वाढली म्हटलं, तर डाळीचा रिकामा डबा फुगून वरच्या फळीला टेकला. तांदूळ वाढले तेव्हा त्यांच्या डब्यानं अर्धा ओटा खाल्ला. मग तेल, गूळ, पोहे. स्वयंपाकघरात अंग चोरून जावं लागे. मी तक्रार केली नाही. एकटीसाठी कुकर कुठे लावत बसायचा? चहात दोन टोस्ट बुडवले की माझं भागायचं. कवळीही केव्हाची सैल झाली होती.

तर मंगळवारी मी वजनकाट्यावर उभी राहिले आणि काटा शून्यावरून हलला नाही. सवयीनं बोलून गेले, "वजन वाढलं." लगेच मी फुगायला लागले. दंड, गाल, पोट. आत काहीच नव्हतं, पण बाहेरून चांगली भरलेली दिसत होते.

शेजारच्या शिरगुप्पे वहिनी वाटी घेऊन आल्या. "तब्येत सुधारली हो तुमची, कुमुदताई. थोडी साखर मिळेल?"

"साखर वाढलीय हो," मी म्हणाले. आत बरणी छताला लागल्याचा आवाज झाला.

संध्याकाळी पुण्याहून मुलीचा फोन आला. संज्योत याच घरातली, पण इतक्या वर्षांत आमची भाषा विसरली आहे.

"आई, वजन केलंस?"

"वाढलं."

"बघ, उगीच काळजी करत होते. भूक?"

"तीही वाढली."

"छान. मग मी आता दिवाळीलाच येते."

मला ती लगेच यायला हवी होती. इतकी हवी होती की रडू आलं, पण गाल एवढे मोठे झाले होते की टिपं हनुवटीपर्यंत पोचेनात.

शुक्रवारी माझे खांदे दोन्ही भिंतींना टेकले. सासूबाईंचा फोटो माझ्या दंडाखाली दबला होता, त्यामुळे त्यांना ऐकू जाणार नव्हतं. फोन गालावर होता.

"संज्योत, माझं संपलं गं."

"काय म्हणालीस?"

"संपलं. सगळंच."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली. माझ्यामुळे दार उघडेना, म्हणून मागच्या अंगणातल्या खिडकीशी आली. माझा चेहरा तिथे होता. तिनं गालावर हात ठेवला. हात कोपरापर्यंत आत गेला, तेव्हा तिला कळलं. तिनं सोबत आणलेला डबा उघडला. मऊ भात, वर तूप आणि मेतकूट.

"आई, वाढू?"

या शब्दाचा हाही अर्थ असतो, हे मी विसरूनच गेले होते. हे गेल्यापासून मला कुणी तसं विचारलं नव्हतं.

"वाढ," मी म्हणाले.

तिनं घास भरवला. मी गिळला. तो खाली गेला, आणखी खाली गेला. संज्योत खिडकीतून वाकून माझ्या छातीला कान लावून उभी आहे. घास अजून तळाला पोचलेला नाही.