आधी पंखे ऐकवा

आत्या घरी बसून गोष्टींची पुस्तकं वाचायची आणि ती रेकॉर्ड करायची. पण प्रत्येक गोष्टीत तिच्या जुन्या कॉम्प्युटरची घरघर शिरायची. म्हणून नवा जोडून घ्यायला मी तिला दुकानात नेलं.

"प्रोसेसर कोणता घालू?" दुकानदाराने विचारलं.

"ते मागाहून. आधी पंखे ऐकवा."

असं गिऱ्हाईक त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. तरी त्याने दार लावलं आणि कॅबिनेटमध्ये बसवायचे पंखे एकेक करून फिरवले. आत्याने डोळे मिटले.

"हा शीळ घालतोय. हा कण्हतोय." तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "लावा की आता!"

"केव्हाच लावलाय, मावशी."

बशीएवढा तो पंखा संथ फिरत होता. आत्याचा चेहरा खुलला. "आता याला धावपळ करायला लावणार नाही, असा थंड डोक्याचा प्रोसेसर द्या."

दुकानदार हसला आणि त्याने कमी तापणारा प्रोसेसर काढला. आम्ही निघालो, तेव्हा मात्र त्यानेच थांबवलं. टेबलावरच्या स्वतःच्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवत तो म्हणाला, "याचं जरा ऐकता?"

आत्याने कान लावला. "याला धाप लागलीय. धूळ काढा आतली."

त्याने लगेच स्क्रूड्रायव्हर उचलला.