अलका मॅडमची सरकी

मित्रांनो, प्रयोगशाळेच्या दाराशी पाय पुसताना तुम्ही ज्याच्याकडे बघतही नाही, तो मी गोणपाटाचा जुना तुकडा. पण सन पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात सौंसरच्या या शाळेत माझा काय थाट होता, ते ऐका.

विज्ञानाच्या अलका मॅडमनी एक पोतं कापून दोन तुकडे केले. एक मी, दुसरा माझा भाऊ. दोघांना ओलं करून आमच्यात कपाशीची सरकी गुंडाळली. माझ्यातली कडूलिंबाच्या पाण्यात भिजवलेली, भावाची साध्या पाण्यात. काही दिवसांनी उघडलं तर माझ्या अंगावर कोंबच कोंब आणि भावाच्या अंगावर बुरशी! विज्ञान मेळ्यात लोक मला वाकून वाकून बघत होते. मीही फुगलो होतो, खोटं कशाला बोलू?

रामाकोन्याचे शेतकरी पुंडलिकराव तर म्हणाले, "मॅडम, या साली मी कडूलिंबच वापरतो. गावालेही सांगून राहिलो." पेरणीआधी शाळेत शेतकऱ्यांची सभा ठरली. मॅडमनी तिथे सगळ्यांना कृती सांगायची होती.

तेवढ्यात पांढुर्ण्याहून हेमंत सर आले. तेही विज्ञानच शिकवत. मॅडमची कृती त्यांनी पुन्हा पुन्हा करून पाहिली होती आणि दर वेळी सरकी कुजली होती.

मॅडमना आधी रागच आला. "पाणी जास्त झालं असेल तुमचं," त्या म्हणाल्या.

"मग माझ्यासमोर करा न. मी माझी सरकी घेऊनच आलो."

सरांची सरकी कडूलिंबाच्या पाण्यात भिजून माझ्यात आली. शाळेला सुट्टी होती, तरी मॅडम रोज यायच्या, मला उघडायला हात पुढे करायच्या आणि तसाच मागे घ्यायच्या. गावोगावच्या लोकांनी आपलं ऐकलं आणि शेतात काही उगवलंच नाही तर, या धास्तीने त्यांचं जेवणातही लक्ष नव्हतं. मला कारण ठाऊक होतं. पण गोणपाटाला तोंड कुठलं? जिवाची नुसती तगमग.

शेवटी मला उघडलं. सरकी कुजलेली होती. हेमंत सरांनी मॅडमच्या डब्यातली सरकी तळहातावर घेतली.

"मॅडम, तुमची ही अशी गुळगुळीत कशी? माझ्या सरकीवर तर पांढरी लव आहे."

"शेणात अन् राखेत घोळली न. सासूबाई घोळून देतात. लावायची सरकी सगळेच घोळतात."

"मले काय मालूम? आमचं तर कापडाचं दुकान आहे. तुम्ही हे सांगितलंच नाही."

"त्यात सांगण्यासारखं काय आहे?" मॅडम म्हणाल्या.

"अन् साध्या पाण्यातली?"

मॅडम स्टुलावर बसल्या. "ती न घोळता तशीच पोत्यातून घेतली होती. नुसती दाखवायलाच तर होती."

मग दोन्हीकडे घोळलेलीच सरकी घातली. या वेळी मी आणि भाऊ सारखेच हिरवे झालो. कडूलिंबाने काहीच केलं नव्हतं.

"शेतकरी तर घोळतेच," सर हळूच म्हणाले. "त्यांचं उगवेलच. तुमचं नावही राहील." मॅडमनी सरकीचा डबा बंद केला. मला वाटलं, आता या गप्पच बसतील.

सभेच्या दिवशी मॅडमनी आम्हा दोघांना टेबलावर पसरलं. "माझं चुकलं," त्या उभ्या राहून म्हणाल्या. "कडूलिंबाने काही होत नाही. जे होते ते तुमच्या शेण-राखेने."

"म्हणजे आम्ही घरी करून राहिलो तेच?" कोणी तरी विचारलं.

"तेच."

मागे हशा पिकला. टाळी कोणी वाजवली नाही. लोक उठून गेले. पुंडलिकराव तेवढे थांबले. त्यांचा चेहरा पडला होता.

"बरं झालं सांगितलं, मॅडम. आता कडूलिंब आहे म्हणून मी घरी यंदा सरकी शेणात घोळूच नका म्हटलं होतं."

"म्हणजे मी बोलले नसते, तर तुमचं उगवलंच नसतं," मॅडम म्हणाल्या.

म्हणून सांगतो, मित्रांनो, तुमचं जे दुसऱ्याला जमत नाही, ते त्याला शेजारी बसवून पुन्हा करा. आणि जे सांगण्यासारखं वाटत नाही, ते आधी सांगा.